वासूचे पाय

हा लेख लिहायला मी बसतो आणि उठतो. कालपासून हेच चाललंय. दोन ओळी झाल्या की गॅलरीत जातो, परत येतो, टाकीतलं पाणी बघतो, पुन्हा बसतो. शेवटी बायको म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" आणि मला एकदम हसू आलं, कारण हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्याला ऐकवत आलो होतो. तो दुसरा म्हणजे माझा मालवणचा बालमित्र वासू. यंदा ऐन आषाढात तो गेला. तार आली तेव्हा मी मुंबईला कचेरीत होतो. हेडक्लार्कने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि तो तिथेच घुटमळला, त्यावरूनच मी काय ते समजलो. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद, म्हणून कोल्हापूरवरून घाट उतरून एस.टी.ने गेलो. पोचेपर्यंत अर्थातच सगळं आटोपलं होतं. स्टँडवर उतरलो आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मालवणात मी पहिल्यांदाच न ओकता पोचलो होतो. ठणठणीत, कोरडा, स्वतःच्या पायांवर... आणि त्याची मला अक्षरशः लाज वाटली.

ज्यांनी तो बोटीचा प्रवास केलेला नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. मुंबईहून सुटलेली आगबोट मालवणला किनाऱ्याशी येत नाही. खडक फार. ती दूर खोल पाण्यात उभी राहून भोंगा देते, मग बंदरातून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, निघतात, बोटीच्या पोटातल्या दारातून माणसं त्या पडावांत उतरतात. पण हे लाकडी पडावसुद्धा कोरड्या वाळूपर्यंत येत नाहीत, मांडीभर पाण्यात थांबतात. तिथून पुढे म्हातारीकोतारी, बायका, पोरं आणि ट्रंका यांना उचलून किनाऱ्यावर न्यायचं. वासूचा स्वतःचा पडाव होता. हाताखाली त्याचा चुलतभाऊ पांडू आणि आणखी दोघे-तिघे असत, पण माणसं उचलायची म्हटली की वासू स्वतः पाण्यात उडी टाकायचा. त्याची त्यात एक रीत होती. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीशी, आणि उचललेल्या माणसाचं तोंड कायम किनाऱ्याकडे. पांडूने कुणाला उलटं धरलं की ओरडायचा, "माणसाक जमीन दिसाक होयी रे, मगे तो घाबरणा नाय!" अख्ख्या गावातल्या सासुरवाशिणी, चाकरमानी, मामलेदार कचेरीत बदलून आलेले साहेब, सगळे कधी ना कधी वासूच्या हातांवरून मालवणात आले. नव्या नवऱ्या तर लाजून पदर तोंडात धरत, आणि हा त्यांना शुद्ध मराठीत सांगे, "घाबरू नका, ते बघा तुमचं सासर."

मला त्याने किती वेळा उचललं याचा हिशेब नाही. मी समुद्राकाठी जन्मलेला, आणि मला बोट लागते. लागते म्हणजे कशी, तर धक्का सुटल्यापासून मी डेकवर आडवा, आणि मालवणच्या माडांचे शेंडे दिसेपर्यंत अंगात काही उरलेलं नसतं. वासूला याचा कोण आनंद! पडाव बोटीला लागला की खालूनच ओरडायचा, "इलो रे आमचो मुंबयकार! पोट रिकामां केलंस मां सगळां?" मग मला पोत्यासारखा खांद्यावर टाकून पडावात घ्यायचा आणि कमरेच्या गाठीतून लिंबाचं पान काढून चुरगळून नाकाशी धरायचा. "घे, हुंग. बोल नको." दर मे महिन्यात त्याच्याकडे ते पान असायचंच. झाड त्याच्या घरामागे होतं, भोंगा ऐकला की धावता धावता तो एक पान ओरबाडून घ्यायचा. त्याला स्वतःला उभ्या आयुष्यात कधी बोट लागली नाही. वादळात पडाव सुपासारखा उडत असताना तो उभा राहून विडी ओढू शकायचा. जमिनीवर मात्र त्याला चैन नव्हतं. शाळेत मास्तरांनी त्याला बाकाला उपरण्याने बांधलं होतं, तर तो बाक घेऊन उठला. जेवायला बसला तर मांडी हलती, देवळात उभा राहिला तर या पायावरून त्या पायावर. मी म्हणायचो, "मेल्या, मरताना तरी एका जागी ऱ्हव." असली मस्करी करताना माणसाला काय ठाऊक असतं...

त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला तो ओझी उचलूनच. जांघेत गाठ यायची, आडवं पडलं की जायची. हा म्हणे, "काय नाय रे, वायच फुगता आणि जाता." वर धोतराचा काचा आवळून पुन्हा पाण्यात. वर्ष-दीड वर्ष त्याने असंच काढलं. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मी मे महिन्यात घरी गेलो, तेव्हा त्याची बायको, सरूवैनी, मला विहिरीपाशी गाठून म्हणाली, "भावजी, तुमी ह्येंका मुंबयक घेवन जावा. हंय ऱ्हवले तर ट्रंका उचलल्याबिगर ऱ्हवूचे नाय." वैनी बोलते कमी. ती बोलली म्हणजे झालं. पावसाळ्यात पडाव वाळूवर चढतात, काम नसतं, तेव्हा ऑपरेशन उरकायचं असं ठरलं आणि शेवटच्या बोटीने मी त्याला बरोबर घेऊन आलो. सारी वाट तो माझं डोकं धरून बसला होता.

ऑपरेशन उत्तम झालं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो, कारण ते खरं आहे आणि ते आठवलं की अजूनही माझी कानशिलं तापतात. मोठ्या हॉस्पिटलात, नाव असलेल्या सर्जनने ते केलं. टाके असे नीट की नंतर वण शोधावा लागायचा. वासू शुद्धीवर आला, हसला, चहा मागितला. पुढे दोन-तीन दिवसांनी दुपारी मी भेटीच्या वेळेला गेलो तर स्वारी घामाने चिंब. चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ कोरडे. गावचे आणखी दोघे तिथे बसले होते. मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणाला, दुखत कुठेच नाही. दुखणं थांबवायची इंजेक्शनं चालूच होती. डोळे मिटून खाटेच्या कडा घट्ट धरल्या होत्या त्याने.

"बापू, खाट हलता रे," तो मला म्हणाला. "पोटात ढवळता. तुझ्यासारखां झालां माका..." मग एक डोळा उघडून, त्या अवस्थेतही, "माका जमीन लागली!"

आम्ही इतके हसलो की शेजारच्या खाटेवरचा रोगी रागावला. हसायचंच होतं ते. आमच्याकडे घाम, मळमळ आणि पांढरा पडलेला चेहरा याला दुसरं नावच नाही. बोट लागली की हेच होतं, आणि त्यात माणूस मरत नाही हे समुद्राकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दर्यावर्दी माणूस इतके दिवस जमिनीवर, त्यातून खाटेवर जखडलेला, त्याला जमीन लागणारच! एकजण बाहेर जाऊन लिंबू घेऊन आला. मी ते नखाने सोलून वासूच्या नाकाशी धरलं आणि म्हटलं, "घे, हुंग. बोल नको." पोरासारखा सूड उगवल्याचं समाधान मला झालं. वासूही हसला. त्यानेच नर्सला सांगितलं, मला जमीन लागलीय, आणि ती बिचारी हे काय प्रकरण म्हणून पोट फुगल्याचं औषध देऊन गेली. संध्याकाळपर्यंत घाम ओसरला. दुसऱ्या दिवशी सर्जन आले, त्यांनी पट्टी उघडून टाके बघितले, छान म्हणाले. टाके खरोखरच छान होते. आम्ही सगळे त्या टाक्यांकडेच बघत होतो.

बोटी सुरू झाल्यावर तो गावी परतला, आणि मीही रजा काढून बरोबर गेलो. पडाव मांडीभर पाण्यात थांबला. पांडूने हात पुढे केले, "दादा, ये, उचलतंय तुका." वासू केवढ्याने ओरडला! "पोट शिवल्यानी माझां, पाय नाय शिवले!" आणि धोतर खोचून पाण्यात उतरला, वर माझी पिशवी डोक्यावर घेऊन किनाऱ्याला आला. बंदरावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैनी माडाखाली उभी होती. तो तिच्यापाशी पोचल्यावर नुसता उभा राहिला. माडाला हात टेकून. मला वाटलं, बायकोला इतक्या दिवसांनी बघून गडी विरघळला. आता मला ते उभं राहणं निराळं दिसतं.

त्या हिवाळ्यात गावाहून येणाऱ्यांकडून निरोप यायला लागले. वासू पडावावर येतो पण मध्येच बसतो. वासूचे पाय सुजलेत. पुढे मीच गेलो तेव्हा वैनी म्हणाली, "हे निजणत नाय, भावजी. उशाक टेकान बसान ऱ्हवतत. इचारलां तर म्हणतत, टाको ओढता." टाका ओढतो! सगळं गाव टाक्यावर उपाय करत होतं. कुणी पोटाला पट्टा घट्ट बांधायला सांगितला, कुणी तेल दिलं. वासू तर शपथेवर सांगत होता की आत काहीतरी उसवलंय. वैनी मात्र म्हणाली की विहिरीवरून घरात येईतो जो माणूस दोनदा थांबतो त्याचं दुखणं पोटात नाही. मी त्याला पुन्हा मुंबईला आणला, या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी पोटाला हात लावण्याआधी छातीला नळी लावली, मानेच्या शिरा बघितल्या, आणि कार्डिओग्राम काढायला पाठवलं.

कागदाची ती लांब पट्टी डॉक्टरांनी दोनदा सुरुवातीपासून बघितली. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हार्ट अ‍ॅटॅक कधी येऊन गेला?" वासू म्हणाला, कधीच नाही. "ऑपरेशननंतर एखाद्या दिवशी खूप घाम, मळमळ, अस्वस्थ वाटणं, असं काही झालं होतं?" वासूने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्ही दोघेही एकदमच समजलो, आणि त्या क्षणी हॉस्पिटलातली ती खाट मलाही हलताना दिसली.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं. ऑपरेशन पोटाचं असो की पायाचं, ओझं साऱ्या शरीरावर पडतं. गुंगीत रक्ताचा दाब खाली येतो, पुढचे काही दिवस हृदयाला जास्त राबावं लागतं, आणि कुणाकुणाच्या हृदयाच्या एखाद्या भागाला तेव्हा रक्त पुरत नाही. तो भाग मरतो. छातीत कळ यायला हवी, पण दुखणं मारायच्या इंजेक्शनांखाली ती कळतच नाही. नुसता घाम येतो, पोट ढवळतं. आणि ते तर ऑपरेशननंतर कितीतरी जणांना होतं, त्यामुळे डॉक्टरही फसतात. चूक कुणाची म्हणावी अशी नाही... वासू खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता, गुडघा हलत होता. शेवटी त्याने अगदी शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तसं विचारलं, "डॉक्टरसाहेब, काम पोटाचं केलंत, ते चांगलं झालं. मग काळजाला का लागावं?" या प्रश्नाला डॉक्टरांकडे जे उत्तर होतं ते त्यांनी आधीच दिलं होतं. ते पथ्याचा कागद लिहायला लागले. मला मात्र तो प्रश्न तेव्हापासून चावतो आहे. टाके छान, हॉस्पिटलचा दाखला छान, रोगी हसत घरी गेला, आणि आत एक तुकडा मरून पडलेला! कुणाशी भांडावं तेही कळत नाही, म्हणून मी अजून येरझाऱ्या घालतो.

डॉक्टरांनी जी शिक्षा सुनावली ती ऐकून मी डोळेच मिटले. आधी काही आठवडे अंथरुणावर पडून राहायचं, पुढे जन्मभर ओझं नाही, धावणं नाही, पाण्यात उतरणं नाही, ओरडणं नाही, मीठ नाही. पुष्कळ बसायचं. उरलेलं हृदय जपून वापरलं तर वर्षं काढाल, नाहीतर महिने. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने देवाचे आभार मानले असते. वासू बाहेर येऊन जिन्यात म्हणाला, "बापू, माका मरूक सांगला असता तर जमला असता. बसूक सांगतत रे..."

ते आठवडे मुंबईत काढून आम्ही परत गेलो तो दिवस मी विसरणार नाही. समुद्र शांत होता, मलासुद्धा बोट जेमतेम लागली. पडाव वाळूपासून थोडा दूर थांबला. पांडू पाण्यात उतरून उभा राहिला, पण हात पुढे करायचं धाडस त्याला होईना, मागच्या वेळचं ओरडणं त्याच्या लक्षात होतं. किनाऱ्यावर बंदरची माणसं नेहमीसारखी जमली होती. वैनी त्याच माडाखाली उभी. मी मनात म्हणत होतो, आता हा उडी मारणार, आता मारणार... वासूने धोतर खोचायला हात नेला. वैनीकडे बघितलं. मग हातातलं धोतर सोडलं आणि फळीच्या कडेला सरकून म्हणाला, "उचल."

पांडूने रीतीप्रमाणे एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीशी घालून त्याला घेतलं आणि किनाऱ्याकडे वळवलं.

"असो नको. माका दर्याकडे तोंड करून धर."

"दादा, तूच सांगतंस मां, माणसाक जमीन दिसाक होयी म्हणान?"

"ती घाबरतत तेंका. जमीन मी आता जन्मभर बघतलंय."

पांडू पाठमोरा, उलटा चालत किनाऱ्याला आला, म्हणजे वासूला शेवटपर्यंत समुद्र दिसावा. माझ्यामागच्या पडावातली एक म्हातारी रडायला लागली, तिच्या सुनेला वासूने लग्नात उतरवून घेतलं होतं म्हणे. मी रडलो की नाही आठवत नाही. किनाऱ्यावर टेकल्यावर वासू पांडूला म्हणाला, "पाठीकडचो हात वायच वर घे. बायामाणसांक खुपता." आणि आरामात चालत घराकडे गेला, आयुष्यात पहिल्यांदाच आरामात.

पडवीत खुर्ची मांडली. लाकडी, हातांची, समुद्र दिसेल अशी. वैनीने घरातलं मिठाचं भांडं वर फळीवर ठेवून दिलं, आणि मला फार उशिरा कळलं की तीही अळणीच जेवत होती. सुका बांगडा त्या घरात पुन्हा भाजला गेला नाही. लोकांना वाटलं होतं हा चार दिवसांत खुर्ची समुद्रात फेकेल. पण वासू बसला! त्याने ते कुणासाठी केलं हे मी त्याला कधी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती, वैनी शेजारीच तांदूळ निवडत असायची. बसला म्हणजे कसा, तर बोटीचा भोंगा झाला की त्याचे पाय सुरू व्हायचे. धड खुर्चीत, हात खुर्चीच्या हातांवर, आणि खाली दोन्ही पाय जमीन उकरत असायचे, टाचा आपटायच्या, बोटं मातीत रुतायची. आता पडाव सुटला, आता बोटीला लागला, आता पाण्यात उडी... सगळं पाय करायचे. भोंगा नसला तरीही थोडंफार चालूच. शेणाने सारवलेली जमीन ती, टिकणार किती? वैनी सारवायची आणि वासूचे पाय पुन्हा उकरायचे. होता होता खुर्चीपुढे दोन खळगे पडले, टाचेशी खोल आणि बोटांशी उथळ.

मी मे महिन्यात जायचो तेव्हा मला उचलायला पांडू असायचा. वासू पडवीतून बघायचा आणि मी पायरीशी पोचलो की पान पुढे करायचा. झाडापर्यंत हळूहळू जाऊन आणलेलं. यंदाच्या मे महिन्यात तो फारच वाळला होता, बोलताना दम घ्यायचा. मी परत निघालो तेव्हा म्हणाला, "मी बसलंय मां, बापू? सांग डॉक्टराक. मी बसलंय." मग खाली बघून हसला. "पाय बसणत नाय, तेंका मी काय करू?"

पावसाळ्यात तो गेला. भोंगा वाजायचा काळच नव्हे तो. एस.टी.ने मी पोचलो तेव्हा वैनीने मला सांगितलं, तेही मी विचारल्यावर, एकेक शब्द करून. "भोंगो नाय, काय नाय, तरी सकाळी पाय चलत होते. मी चूल बघूक आत गेलंय. भायर इलंय तर पाय थांबलले... तोंड बघूच्या आदी मी पाय बघलंय, भावजी." तेराव्याच्या आधी घर सारवायला शेजारच्या बायका आल्या, तेव्हा एकीने ते खळगे बुजवायला ओली माती आणली होती. वैनीने तिच्या हातातली पाटी काढून घेतली, आणि ती बाहेर माडाच्या मुळाशी रिकामी केली.

बोटी सुरू झाल्या तशी मी गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. काम काहीच नव्हतं, मुंबईत बसवेना म्हणून गेलो. बोट सडकून लागली. पांडूने मला व्यवस्थित उचलला, तोंड किनाऱ्याकडे, पाठीकडचा हात वर. पान आणलं नव्हतं. त्याने कशाला आणावं, त्याला कुणी सांगितलं होतं? तरी मला त्याचा राग आला आणि तो राग घेऊनच मी वासूच्या पडवीत शिरलो. वैनी सारवत होती. अर्धी पडवी ओली, अर्धी कोरडी, खुर्ची आपल्या जागी. माझं डोकं अजून बोटीवरच होतं. तेवढ्यात बाहेर खोल पाण्यातून निघणाऱ्या बोटीने भोंगा दिला. वैनीचा हात जमिनीवर तसाच थांबला. आम्ही दोघंही खुर्चीखाली बघत होतो... भोंगा संपला. वैनीने शेणाचा काला बोटांवर घेतला आणि एका खळग्यात हात घालून तो आतून सारवला, टाचेची खोल जागा, मग बोटांची उथळ, मग दुसरा. दोन्ही तसेच ठेवले, कडासुद्धा मोडू दिल्या नाहीत. काही न सुचून मी त्या खुर्चीत बसायला गेलो, तेव्हा ती खालूनच म्हणाली,

"बसा, भावजी. पण थंय पाय घालू नकात. ओलां आसा."